आत्याने धाकटा प्लॅन का निवडला

पोरांनो,

परवा फोनवर थोरलीने विचारलं, "आजी, आत्याने मॅरेथॉनसाठी कोणता प्लॅन वापरला होता? मला पाठव ना." प्लॅन काय, आत्या स्वतः पाठवेल. पण तो निवडला गेला आमच्या स्वयंपाकघरात, आणि ते ती नीट सांगणार नाही. म्हणून मी लिहिते.

तेव्हा तुमची आत्या दूध संघात जनावरांची डॉक्टर होती, आमच्यापाशीच दिंद्रुडला राहायची. ट्रायथलॉन तिने तोवर बऱ्याच केल्या होत्या. आधी पोहायचं, मग सायकल, मग धावायचं, सगळं एकामागोमाग. पोहण्याचा सराव माजलगाव धरणाच्या मागच्या पाण्यात. ती पाण्यात असेपर्यंत तुमचे आजोबा काठावर ट्रॅक्टरची ट्यूब दोरीला बांधून बसायचे. स्वतःला पोहता येत नाही, पण दोरीचं टोक मनगटाला गुंडाळून बसलेले. मी म्हणायचे, "ती बुडाली तर तुम्हीही जाल." ते म्हणायचे, "मग तू ये वढायला."

मग पाऊस गेला. एका वर्षी कमी पडला, पुढच्या वर्षी जवळजवळ नाहीच. पाणी काठापासून लांब लांब सरकलं आणि एका सकाळी ती कोरड्या केसांनी परत आली. "गुडघ्याएवढं पाणी राहिलंय," म्हणाली. "गाळात हात रुततात." दोन दिवसांनी जाहीर केलं, "यंदा मॅरेथॉन धावणार. धावायला पाणी लागत नाही."

हे ऐकून मला आनंद झाला आणि भीतीही वाटली. भीतीचं कारण तिची नडगी. आधी एकदा तिच्या उजव्या नडगीच्या हाडाला बारीक चीर गेली होती. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की पुन्हा तिथेच चीर गेली तर धावणं कायमचं सोडावं लागेल. धावणं गेलं की ट्रायथलॉनही गेली. पाणी आज ना उद्या परत येईल. हाडाचं तसं नव्हतं.

तिने दोन प्लॅन छापून आणले. मोठ्यात आठवड्याचे सहा दिवस धावणं, एक दिवस विश्रांती. वर लिहिलेलं, मुरलेल्या धावपटूंसाठी. धाकट्यात चार दिवस धावणं, दोन दिवस सायकल, एक दिवस विश्रांती. त्याच्यावर लिहिलेलं, पहिलीच मॅरेथॉन धावणाऱ्यांसाठी. तिने धाकटा बघितला न बघितला, तोच बाजूला सारला.

"एवढी वर्षं घातली मी यात. आता नवशिक्यांबरोबर बसू?"

मी माझी अडचण सांगितली. गावात टँकर यायचा तोही एक दिवसाआड. सहा दिवस घामाने भिजलेले कपडे धुवायचे कशात? "तुझा प्लॅन माझ्या हंड्यात बसत नाही," मी म्हणाले. ती हसली आणि म्हणाली की कपडे उन्हात वाळवून पुन्हा घालेन. घातलेही. आजोबा तिला सकाळी दाराबाहेरच उभी करायचे. "आधी वाऱ्याला लाग, मग आत ये माय."

सुरुवातीची एक गंमत लिहिल्याशिवाय पुढे जाववत नाही. पहिल्या सकाळी ती माजलगाव रस्त्याने पळत निघाली. आमच्याकडे डॉक्टरबाई पळतेय म्हटल्यावर लोकांना एकच अर्थ लागणार. एकाने शेतातून हाक मारली, "कोनाची गाय अडली हो, डॉक्टरबाई?" तिने नुसता हात हलवला. त्याला वाटलं, पुढे या म्हणतेय. तो निघाला, त्याच्यामागे त्याचा भाऊ दावं घेऊन निघाला, आणखी एक जण मोटारसायकल घेऊन आला. "बसा मागं, म्याडम. पळत कवा पोचताव?" ती नाही म्हणाली तरी तो शेजारून गाडी हळू चालवतच राहिला. शेवटी ती थांबली आणि म्हणाली, "गाय नाही, वासरू नाही, मी अशीच पळतेय." तो बिचारा रागावला. "अशीच? कावून?"

आजोबा हे ऐकून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. "उद्यापासून पाठीवर पाटी लाव. 'समद्या गाई बऱ्या हायत' म्हनून."

तिचा दम मात्र खरोखर दांडगा होता. लांब धावून आली तरी श्वास लागलेला नसायचा, आल्या आल्या चहा टाकायची. म्हणून माझ्याही लक्षात आलं नाही. पण काही आठवड्यांनी ती ओट्याच्या पायऱ्या आडवी उतरताना दिसली, आधी डावा पाय, मग उजवा त्याच्याशेजारी. मी विचारलं. "काही नाही, आखडलंय." दुसऱ्या दिवशी पुन्हा पळायला गेली. आजोबा माझ्याकडे बघत होते, मी त्यांच्याकडे. तीस पार केलेल्या लेकीला घरात कोंडता येत नाही.

त्याच आठवड्यात मी दूध संकलन केंद्रावर गेले होते. आमच्या महिला संस्थेचं केंद्र, मी तिची सचिव. रोज सकाळी प्रत्येकाच्या दुधाचं फॅट बघायचं आणि त्यावर त्या दिवसाचा दर लावायचा, ही पद्धत. त्या दिवशी गावातले एक मोठे बागायतदार स्वतः किटली घेऊन आले. त्यांच्या म्हशींचं दूध म्हणजे गावात वाखाणलेलं. यंत्रावरची बाई नमुना घ्यायला बिचकली. ते म्हणाले, "आमच्या दुधाचं काय बघताव? दहा वर्षं बघायलाव ना?"

तुमची आत्या जनावरं तपासायला आलेली, तिथेच उभी होती. ती गोड आवाजात म्हणाली, "मामा, दूध कालचं नाही, आजचं आहे. चारा नाही, म्हशी ऊस चघळून आहेत. आजचं आजच बघू."

फॅट खाली आलेलं होतं. त्यांनी आधी यंत्राला दोष दिला, मग दुष्काळाला. पण ती त्यांच्याशेजारी बसून म्हशींना काय घालता येईल ते सांगत राहिली, आणि जाताना ते तिला "ये गं घरी जेवायला" म्हणून गेले.

घरी परतताना आम्ही दोघी चालत होतो. ती उजवा पाय जपून टाकत होती. मी म्हणाले, "मामांना बरं सांगितलंस."

"हं."

"मग तुझ्या पायांचा नमुना कोण घेणार? तू इतकी वर्षं पोहलीस, सायकल मारलीस. ते दमाचं झालं. आठवड्यातून सहा दिवस डांबरावर तुझे पाय कधी पडलेत?"

ती रागावली. मला वाटलं, जास्त बोलले. घरी येऊन तिने चप्पल काढली, पायरीवर बसली, अंगठ्याने नडगी दाबत वर वर आली आणि एका जागी ओय म्हणाली. आजोबा आतून म्हणाले, "दुखायलंय ना?"

"दुखतंय, बाबा."

हे कबूल करायला तिला किती जड गेलं ते मी बघितलं. दुसऱ्या दिवशी आम्ही एसटीने बीडला जाऊन नडगीचा एमआरआय काढला. चीर नव्हती. हाडाला सूज होती, चीर पडण्याच्या आधीची. डॉक्टरांनी काही दिवस धावणं बंद ठेवायला सांगितलं. सायकल चालेल म्हणाले.

घरी आल्यावर तिने धाकटा प्लॅन डब्यांच्या मागून शोधून काढला आणि माझ्यासमोर ठेवला. "वाच, मोठ्याने." मी वाचत गेले, ती पोळ्या लाटत ऐकत गेली. सायकलचे दोन दिवस तिने चारा छावणीच्या फेरीला जोडले, कारण जनावरं तपासायला तिथे जायचंच होतं. माझं एकच म्हणणं होतं की विश्रांतीच्या दिवशी तिने छावणीत वैरणीच्या पेंढ्या उचलू नयेत. त्यावर बरीच वादावादी झाली. "ते काय धावणं आहे का?" ती म्हणाली. शेवटी त्या दिवशी छावणीत आजोबा तिच्याबरोबर जाऊ लागले आणि तिने पेंढीला हात लावला की ओरडू लागले. छावणीतल्या बाया म्हणायच्या, "डॉक्टरबाईला मुकादम मिळाला."

शर्यतीला आम्ही दोघं तिच्याबरोबर शहरात गेलो. शेवटच्या टप्प्यावर रस्त्याकडेला जागा धरून उभे राहिलो. भराभर माणसं गेली, मग विरळ झाली. तिने सांगितलेली वेळ केव्हाच टळली होती. माझ्या मनात सारखं तेच, कुठेतरी बसली असेल नडगी धरून.

मग ती आली. चेहरा वाळलेल्या घामाच्या मिठाने खडीसाखरेसारखा पांढरा. मी नावाने हाक मारली, ती बघून हसली देखील. आजोबांनी हाक मारली नाही की हात हलवला नाही. बाजारात बैल चालवून बघतात तसे ते फक्त तिच्या पायांकडे बघत होते, ती वळणापलीकडे दिसेनाशी होईपर्यंत.

नंतर पदक गळ्यात घालून ती आमच्याजवळ येऊन बसली. "बाबा, कशी धावत होते?"

"लई हळू," आजोबा म्हणाले. "पर दोनी पाय सारखे पडायलते."

आणि खिशातला रुमाल काढून त्यांनी तिच्या तोंडावरचं मीठ पुसलं.