मागच्या सीटवरची बडबड

प्रयागबाईंचा आवाज आमच्या सणसरच्या वस्तीवर माणसांपेक्षा म्हशींनीच जास्त ऐकलेला. नांदायला आल्या तेव्हापासून बाई गप्प. म्हणून मागच्या दिवाळीनंतर नवऱ्याच्या मोटारसायकलवर मागे बसून त्या अखंड बडबडायला लागल्या, तेव्हा सगळी वस्ती हसली. "समोरनं उसाची ट्रॉली आली बघा, केवढी भरलीया!" "अगंबाई, डाव्या अंगाला दगड कुणी टाकला वो?" पुढे संभाजीराव, मध्ये दुधाची किटली, मागे यांचा पट्टा चालू. मीही हसले, खोटं कशाला बोलू!

संभाजीरावांना दिसेनासं झालं होतं. साखर डोळ्यांत उतरली होती. बारामतीच्या डॉक्टरांनी गाडी बंद करायला सांगितलं, ते प्रयागबाईंनी दाराबाहेर उभं राहून ऐकलं होतं. संभाजीराव बाहेर आले आणि म्हणाले, "थेंब दिल्यात. हुईल बरं." विषय संपला. उभ्या जन्मात हा माणूस कुणाच्या मागे बसला नव्हता. पंगतीला बसायचा तो पहिल्या पाटावर, बैलगाडीत बसायचा तो कासरा हातात घेऊन. अशा नवऱ्याला "तुम्हाला दिसत नाही" हे तोंडावर म्हणायचं कुणी? प्रयागबाईंनी म्हटलं नाही. त्या बोलत राहिल्या. त्यांच्या बडबडीवर गाडी वळत होती, थांबत होती आणि संभाजीरावांचा मानही राहत होता. मला विचाराल तर असला मान चुलीत घालावा. पण मला कोण विचारतंय!

मग शेजारच्या बानूबाईचं कुत्रं गेलं. रस्त्याच्या कडेला वैरणीच्या ढिगाला टेकून झोपलं होतं बिचारं. प्रयागबाई किटलीचं झाकण घट्ट करायला वाकल्या, तेवढ्यापुरत्या गप्प झाल्या आणि चाक त्याच्यावरून गेलं. "मधीच आलं," संभाजीराव म्हणाले. ते मध्ये आलेलं नव्हतं. त्या दिवसापासून वैरणीजवळ प्रयागबाईंना कुत्र्याच्या जागी अंगणवाडीतलं एखादं पोर दिसायचं.

फाट्यावर अय्युबचं गॅरेज आहे. त्याच्यापुढे जाऊन त्या उभ्या राहिल्या. अंगात साडीवरून घातलेला नवऱ्याचा जुना शर्ट, हातात खुरपं.

"मला गेरची गाडी शिकव."

अय्युब हसला नाही. त्याने ते कुत्रं पाहिलं होतं. रोज दुपारी संभाजीराव आडवे झाले, की या खुरपायला म्हणून निघायच्या. अय्युब गॅरेजातली एक जुनी गाडी घेऊन त्यांना तोडणी झालेल्या उसाच्या रानात न्यायचा. पडलं तरी माती मऊ. "काकी, क्लच म्हशीच्या सडासारखा सोडायचा. हिसका दिला की लाथ बसती." लाथा बऱ्याच बसल्या. सरीतून पुढचं चाक वाकडं व्हायचं, गाडी बंद पडायची, सायलेन्सरने पोटरी भाजली. नवऱ्याने विचारलं तर म्हणाल्या, चूल लागली.

रानानंतर कालव्याचा भराव. तिथे एका हाताला उसाचा काळपट गच्च फड आणि दुसऱ्या हाताला पाणी. शेतीच्या पाण्याचं आवर्तन सुटलेलं, कालवा काठोकाठ, आणि आवाज अजिबात नाही. ट्रॅक्टरने पाडलेल्या चाकोऱ्यांत फुफाटा साचलेला. चाक त्यात गेलं, की गाडी आपोआप पाण्याकडे ओढल्यासारखी वाटायची. याच भरावावर पूर्वी एक मोटारसायकल पाण्यातून काढली होती, हे प्रयागबाईंना ठाऊक होतं. "पाण्याकडं बघू नका," अय्युब मागून ओरडायचा, "जिकडं बघाल तिकडं गाडी जाती." त्या बघायच्या नाहीत. पण पाणी शेजारी आहे, हे अंगाला कळत राहायचं.

पौषात एका पहाटे, धुकं उतरलेलं असताना, त्या किटली बांधून सरळ पुढच्या सीटवर बसल्या. "आज मी नेते. हौस हाय माझी."

संभाजीराव आधी चिडले, मग हसले, मग कुणी बघत नाही अशी खात्री करून मागे बसले. "डांबरीपर्यंत ने. तितनं मी घेतो."

भराव सरला. कालव्याची वाट डांबरी रस्त्याला मिळते तिथे चढ आहे. चढावर प्रयागबाईंनी गाडी थांबवली. धुक्यातून ट्रॅक्टर येत होता, कारखान्याकडे निघालेला, वर गाण्यांचा एवढा दणका की कान बधिर व्हावेत.

"उतर आता. मी घेतो."

"ट्रॅक्टर जाऊ द्या," प्रयागबाई म्हणाल्या. इथून नवऱ्याच्या हातात हँडल गेलं तर परत मिळायचं नाही, हे त्यांना कळत होतं.

ट्रॅक्टर गेला. खडखडत ट्रॉली गेली.

"गेली की! उतरत न्हाईस तर काढ आता, काढ!"

सगळं आयुष्य ज्या आवाजावर त्या उठल्या-बसल्या, तोच आवाज. हाताने आपसूक ऐकलं. क्लच सुटला, हिसक्याने सुटला, गाडीने लाथ मारली आणि ती बंद पडली.

आणि मग दुसरी ट्रॉली गेली. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, दिवा एकीलाही नाही. बाहेर लोंबणारे उसाचे शेंडे पुढच्या चाकावरून, हँडलवरून, दोघांच्या अंगावरून फरफटत गेले.

गाणं लांब गेलं. धुकं पुन्हा मिटलं. प्रयागबाईंनी गाडी पडू दिली नाही. त्यांनी मागे वळून पाहिलं. संभाजीराव गालावरून हात फिरवत होते. उसाच्या पात्याने तिथे बारीक रेघ ओढली होती आणि बोटांना रक्त लागलं होतं.

"काय व्हतं गं ते?"

"दुसरी ट्रॉली."

प्रयागबाई वाट बघत होत्या, आता म्हणतील उतर, आता म्हणतील मी घेतो. त्यांनी ठरवलं होतं, जीव गेला तरी उतरायचं नाही. त्यांनी किक मारली. गाडी दुसऱ्या किकला चालू झाली.

मागून एक हात आला आणि त्यांच्या खांद्यावर टेकला. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हा माणूस घराबाहेर कधी त्यांच्या अंगाला हात लावून बसला नव्हता.

"प्रयागे," संभाजीराव म्हणाले, "आता रस्ता मोकळा हाय का?"

त्यांनी दोन्हीकडे नीट बघितलं.

"हाय."

"मग काढ. आन् बोलत ऱ्हा."