हळदीच्या ढिगाची ऊब
शेजारच्या आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या वस्तीवर, हळद शिजवायचा मोठा लोखंडी कुकर लागला की तो उग्र, मातकट वास थेट आमच्या घरात येतो आणि मला लग्नानंतरचा पहिला हंगाम आठवतो. सासरी, कुरुंदा गावच्या शेतात आम्ही बाया पहाटेपासून हळदीच्या पाट्या वाहत होतो. ऊन आलं तरी गारठा हटत नव्हता, बोटं बधिर झालेली, कंबर मोडून आलेली. नव्या सुनेनं चारचौघींसमोर पाठ टेकायची नसते, म्हणून मी उभ्यानंच पेंगत होते. सासूबाई तोंडाच्या फटकळ. त्यांनी नुकत्याच शिजलेल्या, वाफाळत्या ढिगाच्या कडेला दोन पोती टाकली आणि खेकसल्या, "पड इथं. उभ्यानं पेंगून राहिली, कुकरवर जाऊन पडशील." मी पडले. खालून ऊब पाठीत शिरत गेली, माहेर सोडल्यापासून अंगात आवळून धरलेलं काहीतरी सैल झालं, आणि मी गाढ झोपले. उठले तर गाल, कान, साडीची एक बाजू पिवळीधमक. बाया खिदळायला लागल्या. सासूबाई कडाडल्या, "हसता काहून? मीच निजवलं तिला. लेकरूच हाय ते." आता त्या अंथरुणाला खिळल्यात, त्यांचं करता करता माझीही कंबर गेली. त्या मला ओळखत नाहीत. पाय सदा गार, म्हणून हंगामात शेजारून शिजलेली हळद पोत्यात आणते नि त्यांच्या पायाशी ठेवते. ऊब लागली की त्या डोळे मिटूनच भिंतीकडे सरकतात आणि बाजूची जागा थोपटतात, "पड इथं."