पऱ्हाटी

दिग्रसला माझं आणि माझ्या मित्राचं, अशी बियाण्यांची दुकानं शेजारी-शेजारी, आणि वेबसाइटही दोघांच्या. पण मोबाइलवर शोधलं की आधी त्याचीच दिसते, आणि माझ्या अंगाचा तिळपापड होतो. गिऱ्हाईक काही विचारू लागलं की तो वही उघडतो, "काका, पुन्हा सांगा, जसंच्या तसं." तेच शब्द वेबसाइटवर टाकतो आणि खाली उत्तर लिहितो. मी मात्र कंपनीच्या पुस्तिकेतून 'कापूस पिकावरील रोगांचे व्यवस्थापन' उतरवून काढलेलं.

"असं कोण इचारते बे?" माझं ते पान पाहून तो एकदा हसला. मी हट्टाने ते तसंच ठेवलं.

यंदा माझ्याच शेतात कपाशीची पानं लाल पडली. घाबरून दुकानात आलो आणि मोबाइलवर लिहिलं, 'पऱ्हाटी लाल काहून पडली?'

पहिलं पान त्याचंच. त्याच्या दुकानाकडे पाठ करून मी ते शेवटपर्यंत वाचलं.