जगदेवीचं जहाजाचं चाक

जगदेवीबद्दल चांगलं बोलणारं माणूस आमच्या गल्लीत सापडणं अवघड आहे, आणि ते काम मीही अंगावर घेणार नाही. तोंडाने फटकळ, हाताने चिवट. तिच्यासाठी जीव टाका, चेहऱ्यावरची माशी हलणार नाही. मी त्यांच्या घरात खाली भाड्याने राहते. माझं फॉल-पिकोचं मशीन जिन्याखाली आहे, त्यामुळे कोण चढलं, कोण उतरलं, कोण पाय आपटत गेलं हे मला बघावं लागत नाही. ऐकू येतं.

घर शरणम्मांचं. थोरला मुलगा गुरुशांत, त्याची बायको सिद्धेश्वरी, माहेर वैराग. धाकटा सिद्धराम पुण्याला कुठल्याशा गोदामात असतो आणि सणाला पाहुण्यासारखा येतो. त्याची बायको ही जगदेवी, माहेर केम. सिद्धेश्वरी कडक भाकऱ्या आणि शेंगाचटणी करून विकते. ओटा तिचा, गॅस तिचा, घरातली हवासुद्धा तिचीच. जगदेवी लग्न होऊन आल्यावर महिन्याच्या आतच तिने जाहीर केलं, "हिच्या हाताला चव न्हाय," आणि जगदेवीला स्वयंपाकघरातून हद्दपार केलं. मग गच्चीवरची पत्र्याची खोली तिच्या वाट्याला आली. सासऱ्यांच्या मोडीत काढलेल्या मागाचं सामान तिथे पडलं होतं.

त्या खोलीत ही बाई समुद्र करते. नळाला चार-चार दिवसांनी पाणी येणाऱ्या गावात बसून नांगर, होड्या, दीपस्तंभ ओतते आणि मालवणच्या दुकानदारांना पाठवते. मुंबई-पुण्याची मंडळी कोकणात जातात आणि कोकणची आठवण म्हणून सोलापूरचा माल घरी नेतात. बरंच आहे, असंच पाहिजे त्यांना.

शिकली मोबाईलवर बघून. एखाद्या वस्तूभोवती पुठ्ठ्याची चौकट करायची, आत सिलिकॉन ओतायचं, ते रबरासारखं घट्ट झालं की वस्तू उपसून काढायची. मागे राहिली ती पोकळी म्हणजे साचा. त्यात रेझिन, म्हणजे पातळ प्लास्टिक, आणि ते घट्ट करणारं हार्डनर मापात कालवून, रंग घालून ओतायचं. माप चुकलं तर माल महिनाभर गुळासारखा चिकट राहतो. आपल्याकडच्या उन्हाळ्यात तर ते कालवता कालवताच तापतं. एकदा तिच्या मगातून धूर निघाला आणि सिद्धेश्वरीने गल्ली गोळा केली. "पेटवंल ही बया आमाला!" जगदेवी वरूनच म्हणाली, "पेटलं तर तुमची भाकरी फुकट भाजंल की."

तिचे नमुने सगळे घरातलेच. दीपस्तंभ म्हणजे सासऱ्यांच्या मागावरची सूत गुंडाळायची लाकडी कांडी. नांगर तिने अंगाच्या साबणात कोरला. समुद्र बघितलायस का, असं मी एकदा विचारलं, तर माझ्यावरच उखडली. "गणपती करणारा देव बघून आलेला असतो व्हय?"

पण खरा खपायचा तो तिचा एकच माल. जहाजाचं चाक. निळी कड, त्यावर पांढरा फेस, मधोमध घड्याळ आणि कडेने बाहेर आलेल्या आठ तपकिरी मुठी. मुठी अशा सुबक, की हात लावल्याशिवाय राहवत नाही. त्या वेगळ्या साच्यात ओतून मग चिकटवायची. त्या मुठींचा नमुना कुठून आणला, हे मात्र तिने कुणाला सांगितलं नाही.

आता मधली एक गोष्ट सांगायलाच हवी. चाकं निघायला लागली त्याच्या आदल्या वर्षी एका सकाळी वर दोघींची जुंपली होती. नेहमीचंच, म्हणून मी मशीन थांबवलं नाही. मग काहीतरी दणकन आपटलं आणि एकदम शांत झालं. थोड्या वेळाने जगदेवीला डोक्याला फडकं बांधून रिक्षात घातलं. कानामागे टाके पडले. "जिन्यावरून पडली," शरणम्मा दवाखान्यात म्हणाल्या, गल्लीत म्हणाल्या, मलाही म्हणाल्या. माझं मशीनच जिन्याखाली. त्या दिवशी जिना वाजला नव्हता. त्याच आठवड्यात सिद्धेश्वरीचं माहेरचं बाभळीचं लाटणं हरवलं. भांडी घासणाऱ्या बाईवर आळ आला आणि ती रडत काम सोडून गेली. ती बाई मला आवडायची. त्याचा राग माझ्या मनात अजून आहे.

या उन्हाळ्यात भांडण टोकाला गेलं. एका गिऱ्हाइकाने भाकऱ्यांचं पाकीट परत आणलं. भाकरीला रंगाचा वास येतो म्हणे. सिद्धेश्वरीला तेवढंच पाहिजे होतं. गच्चीवरची खोली मला भाकऱ्या ठेवायला द्या, नाहीतर मी वेगळं निघते, असं तिने सासूला बजावलं. शरणम्मांनी दोघींनाही सांगितलं, "पुनवंला काय ते सांगते." जगदेवीने जिन्यात बसून केमला भावाला फोन लावला, स्पीकरवर. मी खाली बसून ऐकलं. भाऊ म्हणाला, यायचं तर ये, पण तुझे ते वासाचे डबे गावात नकोत. म्हणजे खोली गेली तर तिचं कामच गेलं. बाई पुन्हा कुणाच्या तरी चुलीपाशी नकोशी होऊन बसणार होती.

पौर्णिमेला सिद्धेश्वरीला धीर धरवेना. शरणम्मांना हाताला धरून ती खोली दाखवायलाच वर घेऊन गेली. "बगा अव्वा, काय घाण करून ठेवलीया," आवाज सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा. मीही गेले. का जाऊ नये? पत्रा माझ्या डोक्यावर पण आहे.

टेबलावर सुट्या मुठी वाळत होत्या. सिद्धेश्वरीने एक उचलली, फेकायलाच, आणि तिची बोटं मिटली. अंगठा सरकत जाऊन एका खाचेत बसला. लाकूड जळून पडते तसली खाच. डोळ्यांनी दोन वर्षं जे ओळखलं नाही ते हाताने क्षणात ओळखलं.

"हे माजं लाटणं हाय!" ती किंचाळली. "अव्वा, चोरटी हाय ही! माज्या आईचं लाटणं चोरलं हिनं! बगा, ही खाच बगा!"

जगदेवी हातमोजे काढत होती. तिने दुसराही मोजा सावकाश काढला.

"व्हय, तुमचंच हाय," ती म्हणाली. "कुटं हरवलं हुतं, अक्का?"

सिद्धेश्वरी मूठ खाली ठेवायला गेली.

"सांगा की. अव्वांना सांगा, कुटं हरवलं. भांडीवालीनं नेलं म्हनला हुता. आता म्या चोरलं म्हनता. शेवटी तुमच्या हातात हुतं ते कवा, आनि तितनं ते गेलं कुटं?"

जगदेवीने केस बाजूला केले. कानामागे पांढरी, वाकडी रेघ होती.

"तुमी फेकलं ते हितं बसलं आनि माज्या पदरात पडलं. म्या उचलून ठेवलं. चोरायला कशाला लागतंय?"

मी शरणम्मांकडे बघितलं. जिन्यावरून पडली असं पहिल्यांदा म्हणणारी बाई तीच. तिची मान खाली गेली. मला तिची दया आली नाही, तेही सांगून टाकते.

सिद्धेश्वरी काहीतरी बोलायला गेली, तेव्हा म्हातारी कानडीत एकच शब्द बोलली, "साकु." पुरे. कमरेची त्या खोलीची किल्ली काढली, जगदेवीपुढे टेबलावर ठेवली आणि कुणाकडे न बघता खाली उतरली. जिना तेव्हा पायरी-पायरीने वाजला.

जगदेवीने ट्रंक उघडली. जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेलं लाटणं काढलं आणि जावेच्या पुढ्यात धरलं.

"घ्या, अक्का. मला आता लागत न्हाय. साचा हाय माज्याकडं."

दुसऱ्या दिवशी तिने एक चाक स्वयंपाकघरात नेऊन ओट्यासमोरच्या भिंतीवर ठोकलं. हद्दपार झाल्यापासून पाच वर्षांत पहिल्यांदा ती तिथे शिरली होती. सिद्धेश्वरीने गुरुशांतला ते काढायला सांगितलं. तो स्टुलावर चढलाही. शरणम्मा आतून म्हणाल्या, "राहू दे." तो उतरला.

आता भाकरी कधी टाकायची नि कधी काढायची हे बघायला सिद्धेश्वरीला त्या चाकातल्या घड्याळाकडेच मान वर करावी लागते. दोघी अजून एकमेकींशी बोलत नाहीत, आणि जगदेवी माझ्याशीही पूर्वीइतकीच तुसडेपणाने वागते. बाभळीचं लाटणं परत मिळालं, तरी घरात पोळ्या बाजारातून आणलेल्या नव्या लाटण्याने लाटल्या जातात. ते हलकं आहे. जुन्याचा आवाज मला माहीत आहे, तो काही पुन्हा आला नाही.