रीबेस केलेला रस्ता

आमच्या दाराला तीन पायऱ्या होत्या, त्या चढून आम्ही घरात यायचो. जुना रस्ता न उखडता पालिकेने त्यावर डांबराचे थर चढवत नेले आणि आता आम्ही घरात उतरतो. काल पाणी शिरलं, तेव्हा बघायला आलेले इंजिनिअर म्हणाले, "रस्त्याची लेव्हल रीबेस केलीय, काकू. तुमचं घर आता सखल भागात येतं."

रीबेस म्हणजे जिथून मोजायचं ती जागाच बदलायची. बदला की! पण सोयीची रेघ स्वतः मारायची आणि उणं मात्र आम्हाला ठरवायचं, ही कुठली रीत?

"घर होतं तिथंच आहे, साहेब," मी म्हटलं. "सखल तुम्ही केलंत!"

साहेब निघाले. रस्त्यावर पोचायला त्यांनाही चढावं लागलं.