शांत माणसाला दिलेली खुर्ची

ती घटना आजही आठवली की स्वतःचाच राग येतो.

लातूरच्या एका पोलीस ठाण्याचा मी प्रभारी होतो. सकाळची हजेरी आटोपत होती, तेवढ्यात एक बाई आली. माहेर नायगावकडचं. केस सुटलेले, मनगटावर वळ. "साहेब, नवरा कोंडून ठिवतो. मला काही नको, माझी पोरगी तेवढी काढून द्या!" असं ओरडत तिने टेबलावर डोकंच आपटलं.

मागोमाग नवरा आला. कोचिंग क्लासचा शिक्षक, इस्त्रीचा शर्ट, मऊ आवाज. "माफ करा साहेब, तिचं डोकं ठिकाणावर न्हाई. मीच तिला सांभाळतो."

आम्हा पोलिसांची एक खोड आहे. ओरडणारा खोटा, शांत बसणारा खरा. मी त्याला खुर्ची दिली, चहा मागवला. ती उभीच. स्टेशन डायरीत शेरा मारला, 'महिला वेडसर वाटते, समज देऊन पतीसोबत पाठवले.' जाताना तो पाया पडला आणि मला बरंही वाटलं. लाज वाटते सांगायला.

आठवड्याने तिच्या शेजारणीचा फोन आला. "बाहेरून कुलूप हाय साहेब, अन् बाईनं माडीवरून उडी टाकली!"

नवऱ्याला चौकशीला बसवलं. दोन तास हसतमुख, जबाबात तसूभर फरक नाही. शेवटी मी म्हणालो, "बायको दवाखान्यात आहे."

"काही बोलली का?" त्याने विचारलं.

जगली का, हे नाही विचारलं! मग तो आधी राहायचा त्या नांदेडला चौकशी केली. तिथली पहिली बायकोही याने वेडी ठरवूनच घालवली होती.

याला काही मानसिक विकार आहे का, हे विचारायला मी तिच्या दवाखान्यातल्या मनोविकारतज्ज्ञांकडे गेलो. ते म्हणाले, "व्यक्तिमत्त्व विकाराचे प्रकार पुष्कळ. कुणाला सगळ्यांचाच संशय, कुणी क्षणात भडकून स्वतःलाच इजा करतो, कुणाला दुसऱ्याचं दुःख जाणवतच नाही. म्हणून ते सगळे गुन्हेगार नसतात. तिला मी तपासलं, ती फक्त घाबरलेली आहे. नवऱ्याला तपासल्याशिवाय मी काही म्हणणार नाही. तुम्ही मात्र तिला पाच मिनिटांत वेडी ठरवलंत."

त्याच्यावर छळाचा खटला भरला, पण कोर्टात त्याच्या वकिलाने डायरीतला माझाच शेरा मोठ्याने वाचला. खाली सही माझी. तो निर्दोष सुटला आणि पुढे पोरीचा ताबाही त्यालाच मिळाला.

ताब्याचा निकाल लागला त्या दिवशी कोर्टाबाहेर ती कुबडीवर उभी होती. आवाज अगदी खाली. "साहेब, त्या दिशी मी असंच हळू बोलले असते, तर पोरगी भेटली असती का?"

त्यानंतर निवृत्तीपर्यंत ओरडत येणाऱ्याला मी आधी खुर्ची दिली. तिला त्याचा काय उपयोग?