आधी कुणाचा हात लागलाय?

संत तुकाराम नगरात कुसुमताईंकडे बिघडलेलं काहीही घेऊन गेलं, की काय बिघडलंय हे त्या विचारत नसत. वस्तू नाकाशी धरून हुंगत आणि म्हणत, "माझ्या आधी ह्याला कुणाचा हात लागलाय?" उत्तर मिळेपर्यंत चहासुद्धा विचारायच्या नाहीत. धाराशिवकडून लग्न होऊन आलेल्या या बाईंनी चाकणच्या एका कंपनीत मशीनची कंट्रोल कार्डं दुरुस्त करण्यात उमेदीची वर्षं घातली. निवृत्तीनंतर तेच काम घरी चालू होतं.

मला कॉम्प्युटरची जुनी ग्राफिक्स कार्डं जमवायचा नाद आहे. बायकोच्या भाषेत भंगार. त्यातलं एक म्हणजे माझा जीव की प्राण: चाचणीसाठी बनवलेला नमुना, जो पुढे बाजारात आलाच नाही. ते चालू केलं, की स्क्रीनवरचं चित्र फाटायचं आणि हिरवे ठिपके सांडायचे. त्यातली मुख्य चिप जळली असती, तर दुसरी कुठेच मिळाली नसती. ताईंचा हात तेव्हा थरथरायला लागला होता आणि त्या मुलाकडे चऱ्होलीला राहायला निघाल्या होत्या. टेबल आवरण्याआधीचं हे शेवटचं काम.

"कुणाचा हात लागलाय?"

"माहीत नाही, ताई. विकत घेतलंय."

"मग कार्डालाच विचारू की!"

वीज सगळीकडे नीट पोचत होती. चिपसुद्धा शाबूत वाटत होत्या. मी हिरमुसत चाललो होतो आणि त्या मात्र खुलत होत्या. अचानक त्यांनी भिंग माझ्या हातात दिलं. "हे बघ बाबा. हितं वाळलेल्या गोंदाचा थेंब, हितं एक, आन् तिथं एक. उगं कोण गोंद लावतंय? हितनं वायर गेलेली हाय."

बनवणाऱ्यानेच आपली चूक सुधारायला हाताने एक वायर जोडली असणार, आणि नंतर कुणा टापटीप माणसाने ती गबाळी दिसते म्हणून उपटून टाकली असणार. "बनवणाऱ्याला अडाणी समजलं की आसं होतंय," ताई म्हणाल्या.

थेंबांच्या रांगेच्या दोन्ही टोकांना सोल्डरच्या, म्हणजे डाग दिल्याच्या, खुणा होत्या. "जोडू का? चुकलं तर गेलं," ताईंनी विचारलं.

मी कशीबशी मान हलवली. अंदाज चुकलाच तर करंट कमी जावा, म्हणून त्यांनी वायरऐवजी आधी एक रेझिस्टर लावून पाहिला. डाव्या हाताने उजवं मनगट घट्ट धरलं होतं. ठिपके गेले, चित्र जुळलं. "आलं की रं!" त्या लहान मुलीसारख्या ओरडल्या. मला इतका आनंद झाला, की मी त्यांच्या पाया पडलो.

मग पक्की वायर लावायची वेळ आली. दिसू नये म्हणून मी बोर्डाच्या रंगाची हिरवी सुचवली, तर केवढ्या रागावल्या! "लपवायचं कशाला? लालच लावते. पुढं उघडणाराला कळाय पायजे, हे मागनं कुणीतरी केलंय."

ताईंना देवाघरी जाऊन आता वर्ष होईल. परवा रहाटणीहून माझ्यासारखाच एक नादिष्ट कार्ड बघायला आला. हरखून उलटंपालटं करून पाहिलं आणि लाल वायरवर बोट ठेवून म्हणाला, "राव, एवढी काढून टाका. एकदम ओरिजिनल दिसेल."

त्याच्या हातातून मी कार्ड काढूनच घेतलं.

"नाही भाऊ," मी म्हणालो, "याला कुसुमताईंचा हात लागलाय."